लाळ लाल असती तर...

एक छोटा प्रयोग वर्गात करून पाहण्यासारखा आहे. एका विद्यार्थ्याला खुर्चीवर बसवा; तो झाला रोगी. दुसरा दंतवैद्य आणि तिसरा त्याचा मदतनीस. रोग्याच्या हातात पाण्यात कालवलेल्या गुलालाची वाटी द्या. ही वाटी म्हणजे रोग्याचे तोंड. दंतवैद्याने दोन बोटे वाटीत बुडवावीत आणि नंतर नेहमीची कामे करावीत : दिवा जवळ ओढणे, बरणीतून कापूस काढणे, खण उघडून एखादे हत्यार घेणे, चष्मा सारखा करणे, औषधाची चिठ्ठी लिहिणे, मध्येच फोन घेणे. मदतनिसाने त्याच्या हातून वस्तू घ्याव्यात व परत द्याव्यात. पाच मिनिटांनी थांबा आणि लाल डाग कोठकोठे पडले आहेत ते सर्वांनी मिळून मोजा. कापसाच्या बरणीत आणि खणाच्या आतही ते सापडतील. आता या रोग्याला उठवून त्याच खुर्चीवर दुसऱ्याला बसवा.

ही कल्पना आमची नव्हे. अमेरिकेत जेम्स क्रॉफर्ड या दंतशिक्षकाने १९७०च्या दशकात ‘लाळ लाल असती तर’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली आपल्या विद्यार्थ्यांना हेच दाखविले होते. मराठीत या शब्दांना आपोआप यमक साधते एवढाच आपला फायदा! लाळ रंगहीन असते, म्हणून तिचे डाग दिसत नाहीत. दंतवैद्याच्या दवाखान्यातील स्वच्छतेचे सारे शास्त्र या न दिसणाऱ्या डागांचा माग काढण्यासाठी उभे आहे.

एका बाटलीची गोष्ट

हा माग चुकला तर काय होते? तमिळनाडूच्या तिरुपत्तूर जिल्ह्यातील वाणियंबाडी या गावी घडलेली घटना पाहू. २०२२-२३ मध्ये त्या भागात मेंदूला होणाऱ्या एका गंभीर संसर्गाचे रुग्ण आढळू लागले. रोग होता मेलिऑइडोसिस. त्याचा जिवाणू, बर्कहोल्डेरिया स्यूडोमलाय, हा मूळचा माती-पाण्यात राहणारा. शोध घेता घेता तपास एका दंतचिकित्सालयापाशी पोचला. तेथे उपचार घेतलेल्या दहा रुग्णांपैकी आठ जण दगावले. या तपासाचा अहवाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला.

दोष कोठे होता? जखम धुण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सलाइनच्या, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या बाटलीत. ही बाटली शस्त्रक्रियेच्या एका हत्यारानेच उघडली जाई, सैलसर बंद केली जाई आणि पुढच्या रोग्यासाठी पुन्हा वापरली जाई. वापरात असलेल्या सलाइनमध्ये या जिवाणूचा अंश सापडला. सलाइन म्हणजे औषध अशी आपली समजूत असते. पण त्यात जंतू मारणारे काहीच नसते. लिटरभर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, एवढेच ते. हे प्रमाण आपल्या पेशींना मानवते, तसेच अनेक जिवाणूंनाही चालते. एकदा उघडलेली बाटली निर्जंतुक राहत नाही, हा साधा नियम तेथे पाळला गेला नाही. महागडे यंत्र नसल्यामुळे हे मृत्यू झाले नाहीत, हे ध्यानात घ्यावे.

तोंडातले गाव

आपल्या तोंडात शेकडो जातींचे सूक्ष्मजीव सुखाने नांदत असतात. ते पहिल्यांदा पाहिले अंतोनी व्हान लेव्हेनहूक याने. स्वतःच्या दातांवरचा पांढरट थर खरवडून त्याने भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणाऱ्या जीवांचे वर्णन १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले. पुढे त्याने व्हिनेगर वापरून पाहिले. दातांवर व्हिनेगर लावले तर थराच्या वरवरचे जीव मरतात, पण ते आतपर्यंत पोचत नाही असे त्याला दिसले. हे निरीक्षण लक्षात ठेवू. पुढे ते उपयोगी पडणार आहे.

यांतले बहुतेक जीव निरुपद्रवी असतात. काळजी असते ती रक्त आणि लाळ यांबरोबर येऊ शकणाऱ्या पाहुण्यांची : हिपॅटायटिस बी व सी, एचआयव्ही, क्षयाचे जिवाणू, फ्लू आणि करोनासारखे विषाणू. दातांचे काम करताना रक्त निघतेच. रक्त लागलेली सुई लस न घेतलेल्या व्यक्तीला टोचली, तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते. हिपॅटायटिस सीसाठी हीच शक्यता सुमारे १.८ टक्के आणि एचआयव्हीसाठी ०.३ टक्के आहे. ज्या एचआयव्हीला आपण सर्वाधिक भितो, तो या तिघांत सर्वांत मागे आहे. हिपॅटायटिस बीचा विषाणू तर वाळलेल्या रक्तात, टेबलावर, किमान सात दिवस टिकून राहतो. सुदैवाने त्याच्यावर चांगली लस आहे आणि दवाखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने, अगदी झाडलोट करणाऱ्यानेही, ती घेतलेली असावी.

कोणाच्या रक्तात काय आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही. पुष्कळदा खुद्द रोग्यालाही ते ठाऊक नसते. म्हणून ‘याला अमुक रोग आहे, याच्यासाठी वेगळी काळजी’ ही पद्धत चुकीची ठरते. प्रत्येक रोगी संसर्गजन्य आहे असे धरून सर्वांसाठी सारखीच दक्षता घ्यावयाची, हे तत्त्व १९८०च्या दशकात रूढ झाले. त्याआधी जगभर अनेक दंतवैद्य उघड्या हातांनीच काम करीत. या तत्त्वाचा आणखी एक फायदा असा, की त्यात कोणावर शिक्का बसत नाही.

हात आणि हातमोजे

संसर्गाचा पहिला रस्ता म्हणजे हात. हातमोजे घातले की काम झाले असे वाटते, पण आपल्या गुलालाच्या प्रयोगात हातमोजे घालूनही तितकेच डाग पडले असते! हातमोजे घालणाऱ्याचे रक्षण करतात. रोग्याचे रक्षण व्हायचे, तर प्रत्येक रोग्यासाठी नवी जोडी हवी आणि ती घातलेल्या हाताने फोन व खण यांना शिवायचे नाही. हातमोज्यांना न दिसणारी छिद्रे असू शकतात, म्हणून ते घालण्यापूर्वी आणि काढल्यावर हात धुवावेच लागतात. साबणाने धुतल्यास पाऊण ते एक मिनिट, अल्कोहोल चोळल्यास अर्धा मिनिट.

विद्यार्थी विचारतील, शुद्ध अल्कोहोल अधिक चांगले नाही का? नाही. जंतूंची प्रथिने विस्कटून टाकण्यासाठी अल्कोहोलला पाण्याची साथ लागते. म्हणून ६० ते ८० टक्के अल्कोहोलच अधिक परिणामकारक ठरते.

प्रेशर कुकरचे शास्त्र

दुसरा रस्ता हत्यारांचा. अर्ल स्पॉल्डिंग या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने वैद्यकीय उपकरणांची केलेली विभागणी आजही प्रमाण मानतात. जी हत्यारे हाडात किंवा हिरडीच्या आत शिरतात ती पूर्ण निर्जंतुक हवीत. जी नुसती तोंडातल्या ओल्या त्वचेला लागतात, उदाहरणार्थ आरसा, ती उष्णता सोसत असतील तर निर्जंतुकच करावीत. जी फक्त बाहेरच्या धड त्वचेला लागतात, ती स्वच्छ करून पुसणे पुरेसे.

पूर्ण निर्जंतुक म्हणजे काय? काही जिवाणू अडचणीच्या काळात स्वतःभोवती जाड कवच करून बीजाणूंच्या रूपात पडून राहतात. धनुर्वाताचा जिवाणू त्यांपैकीच. हे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरू शकतात. म्हणून पूर्वी दवाखान्यांत दिसणारे हत्यारे उकळण्याचे भांडे आता पुरेसे मानले जात नाही. शिवाय पाणी किती तापमानाला उकळते, हे गावाच्या उंचीवरही ठरते. महाबळेश्वरला ते सुमारे ९५-९६° से.लाच उकळते.

यावर उपाय म्हणजे ऑटोक्लेव्ह. चार्ल्स शॅम्बरलँड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये तो तयार केला. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हां मंडळींचा याच्याशी रोजचा संबंध. पण प्रत्येक स्वयंपाकघरात त्याचा धाकटा भाऊ नांदत असतोच. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वर सरकतो. वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दुप्पट दाबाला तो १२१° से. होतो. या तापमानाला १५ मिनिटे, किंवा दाब आणखी वाढवून १३४° से.ला साधारण ३ मिनिटे, ही नेहमीची मात्रा.

मग नुसत्या गरम हवेच्या भट्टीत काम का होत नाही? होते, पण तेथे १६०° से.ला दोन तास लागतात. हा फरक दोन कारणांनी पडतो. एक ग्रॅम वाफ थंड वस्तूवर बसून तिचे पाणी झाले, की सुमारे ५४० कॅलरी उष्णता सोडते. एक ग्रॅम हवा एक अंशाने निवताना पाव कॅलरीसुद्धा देत नाही. तापल्या भट्टीत क्षणभर हात घातला तर निभावते, पण वाफेचा झोत लागताच हात पोळतो, तो यामुळेच. दुसरे असे, की ओली प्रथिने कोरड्या प्रथिनांपेक्षा पुष्कळ कमी तापमानाला गोठतात.

येथे एक सापळा आहे. कुकरची शिटी आपण लगेच लावत नाही. नळीतून वाफेची सरळ धार येऊ लागली की मग लावतो. का? तर आतली हवा निघून जावी म्हणून. समजा, हवा तशीच कोंडली गेली आणि आत निम्मी हवा, निम्मी वाफ राहिली. काटा दुप्पट दाब दाखवील, पण वाफेचा स्वतःचा दाब त्याच्या निम्मा, म्हणजे साध्या वातावरणाइतकाच असेल. आणि तेवढ्या दाबाच्या वाफेचे तापमान असते १००° से.! दाबाचा काटा बरोबर आणि निर्जंतुकीकरण मात्र अपुरे. ऑटोक्लेव्हमध्ये हत्यारे दाटीवाटीने कोंबली, तर मधल्या फटींत नेमके असेच होते. म्हणून काट्यावर विसंबून न राहता ठरावीक काळाने कणखर बीजाणूंची एक पट्टी किंवा कुपी आत ठेवतात आणि नंतर ते बीजाणू वाढतात का हे पाहतात. ते मेले असतील तरच यंत्र पास!

आधी घासा, मग तापवा

जंतू एकदम मरत नाहीत. ते ठरावीक प्रमाणात मरतात. समजा, एका तापमानाला दर मिनिटाला दहांतले नऊ जंतू मरतात. हत्यारावर १० लाख जंतू असतील तर एका मिनिटाने १ लाख, दोन मिनिटांनी १० हजार, असे करत सहा मिनिटांनी एक उरेल. सातव्या मिनिटाला काय? एकदशांश जंतू? याचा अर्थ असा, की अशा दहा हत्यारांपैकी एकावर एक जंतू जिवंत असेल. बारा मिनिटांनी हे प्रमाण दहा लाख हत्यारांत एक इतके खाली येते, आणि व्यवहारात यालाच ‘निर्जंतुक’ म्हणतात. घातांक शिकविताना हे उदाहरण जरूर द्यावे.

आता हेच हत्यार आधी घासूनपुसून १० लाखांचे १ हजार जंतू केले, तर तोच पल्ला नऊ मिनिटांतच गाठला जाईल. उलट, न घासलेल्या हत्यारावर रक्त व लाळ यांचा थर भाजून निघतो आणि त्याच्या आडोशाला जंतू सुरक्षित राहतात. खरकटे भांडे नुसते उकळून स्वच्छ होत नाही, हे आपल्या घरी कोणालाही सांगावे लागत नाही, हत्यारांचेही तसेच.

नळीतले पाणी

तिसरा रस्ता बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. दात कोरणारे टर्बाइन हवेच्या झोतावर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते. घर्षणाने दात तापू नये म्हणून त्यावर पाण्याचा फवारा सोडलेला असतो. हे पाणी सुमारे २ मिलिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिकच्या नळ्यांतून येते. अशा एक मीटर नळीत पाणी मावते जेमतेम ३ मिलिलिटर, पण तिच्या आतल्या बाजूचे क्षेत्रफळ भरते ६३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या पोस्टकार्डाएवढे. दर मिलिलिटर पाण्यामागे २० चौरस सेंटिमीटर भिंत! ३० सेंटिमीटर व्यासाच्या बादलीत हाच आकडा ०.१३ इतका असतो. नळीतल्या पाण्याला दीडशे पट अधिक भिंत मिळते.

आणि जिवाणूंना भिंत आवडते. नळीतून वाहणाऱ्या पाण्याचा वेग मध्यभागी सर्वाधिक व भिंतीलगत जवळजवळ शून्य असतो. तेथे ते चिकटतात, चिकट द्रव्य सोडतात आणि थर बांधतात. याला जैवपटल म्हणतात. लेव्हेनहूकने दातावरून खरवडला तोही असाच थर. व्हिनेगर जसे आत पोचले नाही, तशी जंतुनाशकेही या थरात सहज शिरत नाहीत. रात्रभर आणि रविवारभर पाणी साचून राहिले की थर वाढतो. दंतवैद्यकातील फवाऱ्याचे पाणी दूषित असते हे ब्लेक या संशोधकाने १९६३ मध्येच दाखविले होते. काळजी न घेतल्यास एका मिलिलिटरमध्ये हजारो-लाखो जिवाणू आढळतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने घातलेली मर्यादा आहे ५००.

बहुतेक वेळा यातून काही बिघडत नाही. पण २०११ मध्ये इटलीत ८२ वर्षांची एक स्त्री लिजिओनेला जिवाणूच्या न्यूमोनियाने दगावली आणि तोच जिवाणू तिच्या दंतवैद्याकडील फवाऱ्याच्या पाण्यात सापडला. २०१५ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात आणि २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे दुधाच्या दातांच्या मुळांवर उपचार केलेल्या अनेक लहान मुलांना नळीतल्या पाण्यातील मायकोबॅक्टेरियमचा संसर्ग झाला. काहींच्या जबड्यावर शस्त्रक्रिया करावी लागली.

उपाय अवघड नाहीत. दर रोग्यानंतर २० ते ३० सेकंद पाणी व हवा सोडून द्यावी. यामुळे टर्बाइन थांबताना आत ओढली गेलेली लाळ बाहेर पडते. पण एवढ्याने भिंतीवरचा थर निघत नाही. त्यासाठी नळ्यांना नियमित जंतुनाशक द्यावे लागते व पाणी अधूनमधून तपासावे लागते. हाडाची शस्त्रक्रिया असेल तर हे पाणी वापरूच नये; दर रोग्यासाठी नवी, निर्जंतुक सलाइनची बाटली उघडावी. वाणियंबाडीचा धडा हाच आहे.

हवा आणि कचरा

फवाऱ्यातून उडणारे मोठे थेंब हात-दोन हातांवर खाली बसतात, पण बारीक तुषार बराच वेळ तरंगत राहतात. २०२० मध्ये करोनाच्या साथीत दातांचे दवाखाने बंद ठेवावे लागले ते या भीतीने. मुखपट्टी, चष्मा, खेळती हवा आणि जोरदार शोषक नळी हे त्यावरचे उपाय. आणखी एक उपाय १८६४ पासूनचा आहे : ज्या दातावर काम करावयाचे तेवढाच बाहेर ठेवून बाकीचे तोंड झाकणारा रबराचा पातळ पडदा. सॅनफर्ड बार्नम या दंतवैद्याने तो लाळेपासून दात कोरडा राहावा म्हणून काढला; लाळ उडू न देणे हा त्याचा फायदा नंतर उमगला.

काम संपले तरी माग संपत नाही. भारतात २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रक्ताळलेला कापूस व काढलेले दात पिवळ्या पिशवीत, हातमोजे व प्लॅस्टिकच्या नळ्या लाल पिशवीत आणि सुया-पाती टोचून आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात जावे लागतात. सुई साध्या केराच्या टोपलीत गेली, तर ती टोचणार आहे कचरा वेचणाऱ्या एखाद्या बाईला.

आपल्या शाळेत

आता आपल्या अंगणात येऊ. शाळांतून दंततपासणी शिबिरे होतात आणि ती व्हायलाच हवीत. किडलेला दात तसाच ठेवणे हे मुलांच्या दृष्टीने कितीतरी अधिक वाईट. पण रांगेत दोनशे मुले, टेबलावर चार आरसे आणि शेजारी जंतुनाशकाची वाटी, असे दृश्य दिसले तर शिक्षकांनी थांबून विचार करावा. एका तोंडातून निघालेला आरसा वाटीत बुडवून अर्ध्या मिनिटात दुसऱ्या तोंडात गेला, तर जंतुनाशकाला काम करण्यास पुरेसा वेळ मिळतच नाही. जसजशी रांग पुढे सरकते, तसतशी लाळ मिसळून वाटीतले द्रावणही दुबळे होत जाते. विसाव्या मुलाला आधीच्या एकोणीस जणांची लाळ वाटून मिळते.

शिबिर ठरवितानाच आयोजकांना विचारावे : मुले किती व आरसे किती? जेवढी मुले तेवढे निर्जंतुक, पाकिटबंद आरसे असतील तर उत्तम. ते शक्य नसेल तर मुलांचे गट पाडून शिबिर दोन-तीन दिवसांत वाटून घ्यावे. किंवा आरशाशिवाय, चांगला टॉर्च व प्रत्येक मुलामागे एक नवी लाकडी पट्टी घेऊन प्राथमिक तपासणी करावी. मोठी कीड एवढ्याने सहज कळते. हातमोजे दर मुलामागे बदलले जातील ना, आणि वापरलेले सामान कोण नेणार, हेही विचारून ठेवावे.

असे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणे नव्हे. नीट काम करणारा दंतवैद्य अशा प्रश्नांनी रागावत नाही. उलट, आपण घेत असलेली न दिसणारी मेहनत कोणाच्या तरी लक्षात आली, याचे त्याला बरेच वाटते. शिबिराच्या आदल्या दिवशी गुलालाचा प्रयोग वर्गात करून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी हे प्रश्न मुलेच विचारतील.